वसईचा तट आणि दोनदा नेसवलेली नऊवारी

वसईचा किल्ला मी पहिल्यांदा पाहिला तो पाण्यावरून. पण खरं सांगते, तेव्हा माझं लक्ष किल्ल्याकडे कमी आणि मांडीवरच्या पिशवीकडे जास्त होतं. पिशवीत दुसऱ्याची नऊवारी होती, जांभळी, हिरव्या काठाची. भाईंदरहून सुटणारी ती बोट गाड्यासुद्धा पोटात घेते. आमची गाडी खाली उभी आणि आम्ही वर बाकावर. गाडी बुडाली तर काय, हा विचार माझ्या मनातून खाडी संपेपर्यंत गेला नाही. शेजारी एक माणूस स्कूटरवर बसूनच डुलक्या घेत होता. त्याच्याकडे बघून मला जरा धीर आला.

मी परभणी जिल्ह्यातली, जिंतूरकडची. आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर, नाहीतर धरण. सहावीत शाळा सुटली. नवरा वारल्यावर मुंबईत आले आणि साकीनाक्याला खोकी बांधायच्या कामाला लागले. माझी मुलगी वैष्णवी गावीच माझ्या मायजवळ राहिली. मग एका शेजारणीने मला नलिनीमावशींकडे नेलं, आणि तिथून माझे दिवस बदलले.

नलिनीमावशी माझ्या नात्यातल्या नाहीत. मूळ देवगडच्या. त्यांचे मिस्टर गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा मावशींनी घाटकोपरच्या आपल्या दोन खोल्यांतून नऊवाऱ्या भाड्याने द्यायला आणि नवऱ्यामुलींना नेसवायला सुरुवात केली. आता अंधेरीपासून मुलुंडपर्यंत लग्नघरांत त्यांचं नाव आहे. शिवलेली नऊवारी त्या हातात धरत नाहीत. "ता लुगडा नाय, पायजमो तो," म्हणतात. पण काष्टा घालायचा तर नवरीच्या पायाशी बसावं लागतं, आणि मावशींचे गुडघे आता त्यांना खाली बसू देत नाहीत.

म्हणून होळीच्या आधी, मुलुंडच्या सायलीचे लग्नाआधीचे फोटो काढायला आम्ही वसईला निघालो, तेव्हा मावशींनी गाडीतच सांगून टाकलं, "अनू, आज मी हात लावचंय नाय. तू नेसव, मी बघतलंय. जमला तर ह्या सीझनाक तू एकटी जा. नाय जमला तर माका दुसरी कोण बघूक व्हयी."

दुसरी कोण म्हणजे मी परत साकीनाक्याला. आणि साकीनाक्याच्या पगारात वैष्णवीला इकडे आणायचं नाव काढता येत नव्हतं. ती यंदा सहावीत आहे. त्या इयत्तेची मला भीतीच वाटते.

दर्या दरवाजा

बोट खाडीच्या मध्यावर आली आणि समोर एक काळी रेघ दिसली. तिच्यावर ताडाची झाडं. जवळ गेल्यावर ती रेघ भिंत झाली, आणि भिंत वाढतच गेली. आमच्या गावात गढी आहे, पांढऱ्या मातीची. दर पावसाळ्यात ती थोडी खाली येते आणि लोक ती माती घरांच्या माळवदावर टाकायला पाट्या भरभरून नेतात. किल्ला म्हणजे असंच काहीतरी असेल, असं मला वाटायचं. इथे मात्र काळा दगड, आणि पायथ्याशी कोळ्यांच्या होड्या बांधलेल्या, रंगीत झेंडे लावलेल्या. कुणी गुरं बांधावीत तशा.

तुम्ही गेला नसाल तर सांगते, समुद्राच्या बाजूने आत जायचा जो दरवाजा आहे त्याला दर्या दरवाजा म्हणतात. आत शिरलात की लगेच समोर भिंत येते. वळावं लागतं, मग दुसरा दरवाजा. पहिल्या दाराच्या फळ्यांवर लोखंडी पत्रे आणि खिळे अजून आहेत. मी बोट लावून पाहिलं, उन्हाने तापले होते.

"हे वळण का ठेवलंय माहितीये का?" फोटोवाला निखिल म्हणाला. अंधेरीचा मुलगा, गळ्यात दोन कॅमेरे आणि तोंड सतत चालू. "हत्ती आणून धडक मारायची म्हटली तर त्याला पळायला जागाच नको. हत्तीची वाट लागली पाहिजे."

"आणि आपल्या गाडीची?" सायलीचा होणारा नवरा ओंकार म्हणाला.

"आपली गाडी काय हत्ती आहे का रे? ती लांबच्या रस्त्याने येईल."

असा दरवाजा मला फार पटला. कुणालाही सरळ आत घेणाऱ्या जागेचा मला भरवसा वाटत नाही.

आत एक अख्खं शहर होतं म्हणे. पोर्तुगिजांनी बांधलेलं, पुढे मराठ्यांनी जिंकलेलं. पाटीवर लिहिलंय. आता घरं नाहीत, फक्त भिंती उभ्या आहेत, छप्पर नसलेल्या, आणि खिडक्यांतून पिंपळ आलेत. मधूनच विहिरी. एका मोठ्या भिंतीच्या सावलीत पोरं क्रिकेट खेळत होती. चेंडू तटाला लागला की चौकार, असा त्यांचा हिशेब. राखणदार आला तेव्हा मी पिशवी पाठीमागे लपवली. निखिलने परवानगीचा कागद दाखवला. तो कागद वाचून गृहस्थ म्हणाले, "दगडावर चढून उड्या मारू नका, एवढंच," आणि पिण्याचं पाणी कुठे मिळेल तेही सांगून गेले. मी उगाच घाबरले होते. दिवसभर माझं हेच चाललं होतं.

फिलूआत्याचं घर

किल्ल्यात कपडे बदलायला जागा नाही. म्हणून निखिल दरवेळी तटाबाहेरच्या कोळीवाड्यात फिलूआत्याची पुढची खोली घेतो. फिलूआत्या म्हणजे साठीच्या पुढची कोळीण, ख्रिस्ती. गळ्यात क्रूस आणि केसांत अबोलीचा वळेसर. दारासमोर बांबूच्या आडव्या काठ्यांवर बोंबील टांगलेले, तोंडात तोंड अडकवून. वास नाकात भरला. आमच्याकडे पाहुण्याला आधी गूळपाणी देतात. तिने आल्याआल्या स्टुलं पुसून दिली आणि म्हणाली, "बस गो बाय. वास येतो ना? आत्ताच येईल. मग येनार नाय."

आणि खरंच, थोड्या वेळाने आला नाही.

सायली मधोमध उभी राहिली. मावशी खुर्चीत बसल्या, हात मांडीवर ठेवून. मी पिशवीतून नऊवारी काढली आणि तिच्या पायाशी बसले.

आता इथे काय झालं ते नीट सांगते. नेसवणं मी मावशींकडून शिकले. पण माझे हात त्याआधीच शिकलेले होते. माझी आजी अंथरुणाला खिळली, म्हणजे एक बाजू गेली तिची, तेव्हा माय-बाप शेतात जायचे आणि तिला उठवून लुगडं नेसवायचं काम माझ्याकडे आलं. शाळा सुटली ती त्याच्यापायी. आजीला मी नेसवायचे ते आमच्याकडच्या रानातल्या बायांसारखं. पोटावर घट्ट गाठ, काष्टा वर ओढून खोचलेला, काठ पोटरीवर. पिन एकही नाही. मावशींची तऱ्हा वेगळी. निऱ्या मोजून, काठ पावलावर, पुढे केळं, म्हणजे निऱ्यांचा सोडलेला झोल, सुटं आणि सुबक, पिना आत लपवलेल्या.

मावशींची नजर माझ्या पाठीवर होती. वैष्णवीचा चेहरा समोर येत होता. मी नेसवत गेले, ओढत गेले, खोचत गेले. उठून मागे सरले आणि पाहिलं, तर जांभळ्या रेशमात माझी आजी उभी!

सायलीने मोबाइलमध्ये स्वतःला पाहिलं. "ताई, हे काय? मी काय भात लावायला चाललेय?"

ओंकार दारातून डोकावला आणि हसला. "झकास! डोक्यावर इरलं दे फक्त."

"तू गप रे."

मी मावशींकडे पाहिलं नाही. "सोडते, परत नेसवते," एवढं कसंबसं म्हणाले.

पण निखिल घड्याळ बघून ओरडला, "अरे, ऊन डोक्यावर आलं की चेहऱ्यावर काळ्या सावल्या पडतात यार. आधी तटावरचे काढू. काठाबिठाचे नंतर बघू ना."

सायलीने एक मोठा श्वास सोडला. मावशी काठीवर भार देऊन उठल्या आणि फक्त म्हणाल्या, "चला. जावन येवा. मगे बघू."

त्यांनी ओरडायला हवं होतं. नाही ओरडल्या, तेव्हाच मी मनात साकीनाक्याचं तिकीट काढलं.

तटावर

तटावर चढायच्या पायऱ्या माणसासाठी केल्यात की उंटासाठी, देव जाणे. काही अर्ध्या तुटलेल्या, काहींवर गवत. मावशी खाली चिंचेखाली बसल्या. मी पिना आणि पाण्याची बाटली घेऊन मागोमाग.

सायली एकेक पायरी सहज चढत गेली. तिला साडी उचलून धरावी लागत नव्हती. हात मोकळे होते. मध्येच तिने मला हात देऊन वर घेतलं. ओंकारने मात्र शिवलेलं धोतर घातलं होतं, वेल्क्रो लावून बसवायचं. शेवटच्या उंच पायरीवर त्याने टांग टाकली आणि कर्र आवाज आला.

"ए थांबा! थांबा! कुणी बघू नका!" तो दोन्ही हातांनी धोतर धरून तटाला पाठ लावून उभा राहिला.

सायली हसता हसता तोफेच्या खिडकीत बसलीच. "इरलं देऊ का रे? इरलं?"

निखिलचे कॅमेरे चालूच होते. ओंकारला मी माझ्याजवळच्या मोठ्या पिना दिल्या. पाठमोरा होऊन त्याने लावल्या. त्या दिवसभरात माझी एक तरी पिन ज्याच्यासाठी आणली नव्हती त्याच्या कामी आली.

वर काय दिसतं म्हणाल तर सगळं दिसतं. एका बाजूला खाडी, ती समुद्राला मिळते तिथे पाण्याचा रंग बदलतो. पलीकडे भाईंदरच्या इमारती, उन्हात पांढऱ्या खडूसारख्या. खाली कोळीवाडा, होड्या, वाळत घातलेली जाळी. आतल्या बाजूला ताडांच्या शेंड्यांमधून पडक्या चर्चांचे उंच माथे. तट इतका रुंद आहे की आमची बैलगाडी आरामात जाईल. वारा असा होता की डोळ्यांतून पाणी यावं. माझ्या डोळ्यांत आधीच होतं, त्यामुळे कुणाला कळलं नाही.

मी तिथे दगडाला हात लावून उभी राहिले. ज्या कुणी हे दगड वर चढवले असतील, त्यांत माझ्यासारखी लांबून पोटासाठी आलेली माणसं असतीलच. कामाच्या पहिल्या दिवशी त्यांच्याही हातून दगड वाकडा बसला असेल. मुकादमाने काय केलं असेल, कोण जाणे. पण भिंत उभी आहे.

सायली बुरुजाच्या टोकापर्यंत पळत गेली आणि पळत परत आली. नऊवारी जागची हलली नव्हती. तिने कॅमेऱ्यात फोटो पाहिले. "ए, हे बघ ना. मी खरंच लढायला आल्यासारखी दिसतेय." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, हे राहू दे असंच म्हटलं असतं मी. पण सासूबाईंना चर्चच्या कमानीतला फोटो फ्रेम करायचाय. काठ पायावर पाहिजे त्यांना. प्लीज?"

प्लीज मला म्हणायची गरज नव्हती. तरी म्हणाली.

जेवण आणि दुसरी वेळ

परत फिलूआत्याकडे आलो. मी लगेच खाली बसायला निघाले, तर आत्याने माझा दंड धरला. "आधी जेव. उपाशी हात थरथरतात."

मावशींचाही नियम तोच, नवरीला नेसवायच्या आधी जेवू घालायचं, नंतर नाही. मग सगळेच बसलो. तांदळाची भाकरी, ओल्या बोंबलाचं लालभडक कालवण, वर कोकमाचं पाणी. आमच्याकडे मासा म्हणजे धरणातला, काट्यांचा. पोरांना भरवताना आई घास दहादा चाचपते. मी तसंच चाचपायला लागले, तर आत्या म्हणाली, "काय शोधतेस गो? त्याच्यात काटा नाय म्हनला तरी चालंल. गिळ."

गिळला. बोंबील जिभेवर विरघळतो, हे मी तुम्हाला सांगून कळणार नाही.

मग सायली पुन्हा उभी राहिली. मावशी पुन्हा खुर्चीत. मी गाठ सोडली. पहिला काष्टा सुटताना मला उगाच आजीची आठवण आली, आणि मग हात मोकळे झाले. निऱ्या घेतल्या. एकदा चुकल्या, परत घेतल्या. सायलीने तोल सांभाळायला माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "घाई नाही ताई. शेवटची बोट संध्याकाळी आहे." हे तिने कशाला म्हणावं? ती गिऱ्हाईक, तिचा दिवस. सकाळी तिला तोंडावर पडल्यासारखं झालं होतं ते माझ्यामुळे. मी मान खाली घालून काठ तिच्या पावलावर आणला, केळं मोकळं केलं, पदराची घडी बसवली.

फिलूआत्या भिंतीला टेकून बघत होती. "आता फोटोतली झाली," ती म्हणाली. "मघाशी आमच्यातली होती."

मावशी म्हणाल्या, "केळा जरा डावीकडे घे." बस. मी घेतलं.

छप्पर नसलेलं चर्च

चर्चची कमान मी शब्दात काय सांगू? आत गेल्यावर वर आकाश. जमिनीवर मोठमोठे दगड, त्यांवर अक्षरं कोरलेली. निखिल त्यांच्यावरूनच चालत गेला. आमच्याबरोबर आलेल्या आत्याला मी विचारलं, हे काय लिहिलंय? ती म्हणाली, "थडगी. मानसं आहेत खाली."

मी चटकन चपला काढल्या. आमच्याकडे समाधीच्या अंगणातही चपला घालत नाहीत. आत्या हसली, पण तिनेही आपल्या काढल्या. मी बाजूबाजूने, दगड टाळून चालले. एवढ्यात कमानीतून एक कुत्रं आलं आणि माझी एक चप्पल तोंडात धरून विहिरीकडे पसार. ओंकार पिनांचं धोतर सांभाळत त्याच्यामागे धावला. चप्पल मिळाली, तिचा अंगठा मात्र कुत्र्याने खाऊन टाकला होता. नंतर आम्ही निघताना आत्याने आपल्या जुन्या सपाता माझ्या पायात घातल्या. परत कधी देऊ, विचारलं तर म्हणाली, "समुद्र बघायला येशील तवा."

चर्चच्या मनोऱ्याकडे बोट करून तिने सांगितलं की इथल्या घंटा लढाईनंतर गेल्या, कुठकुठल्या देवळांत टांगल्या आहेत. "वाजतात ना तिथं?" मी म्हटलं, वाजत असतील. "मग झालं," ती म्हणाली.

सायली आणि ओंकार कमानीत उभे राहिले. काठ पावलावर होता. निखिल नुसते फोटो काढत राहिला, एकही विनोद न करता. त्याच्या बाबतीत ती मोठी गोष्ट.

परतीची बोट

निघताना मावशींनी नाक्यावरून वसईची सुकेळी घेतली, वाळवलेली गोड केळी. एक पुडा माझ्या पिशवीत टाकला. बोट सुटली. किल्ला मागे काळा होत गेला. जमलं का, हे मी विचारायचं धाडस करत होते आणि धाडस होत नव्हतं.

तेवढ्यात मावशींचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून त्या स्पीकर लावतात आणि अख्ख्या बोटीला ऐकवतात. बोरिवलीच्या कुणी बाई होत्या, मेमध्ये मुलीचं लग्न.

"मावशी, तुम्हीच येणार ना?"

गिऱ्हाइकाशी मावशी शुद्ध बोलतात. "मी नाही येणार. गुडघे गेले माझे. माझी अनू येईल."

"नवीन आहे का कुणी? नीट येतं ना तिला?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी पिशवी पोटाशी धरली.

"दोन तऱ्हांनी नेसवते ती," मावशी म्हणाल्या. "एक उभं राहून फोटो काढायची. एक दिवसभर नाचायची. मुलीला कुठली पाहिजे ते विचारा आणि मला सांगा."

पलीकडून बाई म्हणाल्या, "अय्या, नाचायचीच द्या. आमच्याकडे वरात मोठी आहे."

फोन ठेवून मावशी खाडीकडे बघत बसल्या. मी त्यांच्या पायाला हात लावायला वाकले, तर त्यांनी माझं डोकं वर ढकललं. "रडू नको गो. खाडीत आधीच पाणी पुष्कळ आसा. आणि आयक, ह्या नाचायच्या नेसवण्यात पण मोठी पिन खांद्यार लावूचीच. गाठीवर माझो विश्वास नाय."

"लावते, मावशी."

मी कठड्याजवळ गेले आणि गावी फोन लावला. मायने उचलला.

"माय, वैष्णवीची परीक्षा झाली की शाळेतून तिचा दाखला मागून ठेव. जूनला इथल्या शाळेत घालते तिला."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"तिथं ज्वारी मिळती का?" माय म्हणाली.

"मिळती."

"नाय, गव्हाची पोळी रोज खाल्ली की तिचं पोट दुखतंय."

"मिळती माय. आमच्या घराखालीच गिरणी हाय, दळून देत्यात."

ती मग म्हणाली, "मंग पीठ नाही बांधत मी. ज्वारीच देते पोत्यात. पीठ टिकत नसतंय."

बोट भाईंदरला लागेपर्यंत आम्ही ज्वारीवरच बोलत होतो.